गाणारे देवमासे आणि मुके जीव

कलेकरितां कला कीं जीवनाकरितां कला, हा वाद एके काळीं मराठी मासिकांतून इतका गाजला कीं, प्रो. फडके आणि श्री. खांडेकर यांच्यापैकीं आपण कोणाच्या पक्षाचे, हें सांगितल्यावांचून साहित्यप्रेमी म्हणविणाऱ्याची सुटका नसे. तो वाद निकालांत निघाला असें कोणी म्हणणार नाहीं. दोन्ही पक्ष थकले आणि तो थांबला, एवढेंच. परंतु त्या दोन्ही पक्षांनीं एक गोष्ट न बोलतां गृहीत धरली होती. ती ही कीं, कलाकृतीला कर्ता असतो, त्या कर्त्याला कांहीं हेतु असतो, निदान हेतु नसावा असा तरी त्याचा हेतु असतो, आणि तो कर्ता मनुष्य असतो. जिला यांपैकीं कांहींच लागू पडत नाहीं, आणि तरीहि जिचा परिणाम राष्ट्रांच्या कायद्यांपर्यंत पोहोंचला, अशा एका कृतीचें परीक्षण करण्याचें आज आम्हीं योजिलें आहे. १९७० सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेली 'साँग्ज ऑफ द हंपबॅक व्हेल' ही ध्वनिमुद्रिका म्हणजेच ती कृति होय. हंपबॅक व्हेल म्हणजे कुबडा देवमासा. त्याचें गाणें या तबकडींत साठविलें आहे.

ग्रंथांच्या परीक्षणासाठीं राखलेल्या पानांत एका तबकडीला जागा कां द्यावी, अशी शंका कित्येक वाचकांस येईल. समुद्र व समुद्रांतील जीव यांच्याविषयीं गेल्या पाऊणशें वर्षांत जगांत जें प्रेम उत्पन्न झालें, त्याच्या मुळाशीं कोणते ग्रंथ होते असें विचारल्यास रेचेल कार्सन यांचा १९५१ चा 'द सी अराउंड अस' हा ग्रंथ अवश्य सांगावा लागेल. परंतु देवमाशांच्या रक्षणासाठीं सामान्य माणसें घराबाहेर पडलीं, तीं अक्षरांपेक्षां आवाजानेंच अधिक हललीं. ही मुद्रिका आज कोणासहि घरबसल्या ऐकतां येते. तेव्हां आमचें म्हणणें वाचकांनीं स्वतःच्या कानांनीं पडताळून पाहावें. आमच्यापुढें प्रश्न दोन आहेत. कृति या नात्यानें तिची योग्यता काय, हा पहिला. तिनें जी दया जागविली ती कितपत भरंवशाची आहे, हा दुसरा. आणि आमच्या मतें तोच अधिक महत्त्वाचा.

या मुद्रिकेचा जन्म झाला तो लष्करी कामाच्या खोलींत. अटलांटिक महासागरांतील बर्म्यूडा बेटावर, अमेरिकन आरमारासाठीं चालणाऱ्या एका केंद्रांत फ्रँक वॉटलिंग्टन नांवाचे ध्वनितज्ज्ञ काम करीत असत. खोल पाण्यांत ध्वनिग्राहक सोडून समुद्रांतील आवाज टिपणें हें त्यांचें काम. त्या यंत्रांत दुसरेंच कांहीं उमटूं लागलें. कधीं दाराच्या बिजागरीसारखी कुरकुर, कधीं हुंकार, कधीं खालून वर चढत जाणारी लांब मींड. हे आवाज कुबड्या देवमाशांचे असावेत हें त्यांच्या ध्यानांत आलें. शिकाऱ्यांच्या कानीं ही गोष्ट गेली तर ते आवाजाच्या रोखानें देवमासे गांठतील, या भीतीनें त्यांनीं तीं मुद्रणें पुष्कळ काळ आपल्यापाशींच ठेविलीं. पुढें रॉजर पेन हे जीवशास्त्रज्ञ आपल्या पत्नी केटी पेन यांच्यासह बर्म्यूडास आले, तेव्हां तीं त्यांच्या स्वाधीन झालीं. पेन दांपत्यानें स्वतःहि पुष्कळ आवाज टिपले. स्कॉट मॅकव्हे आणि त्यांच्या गणितज्ञ पत्नी हेला यांनीं या आवाजांचे आलेख न्याहाळले, तेव्हां त्यांत कांहीं आकृति पुनःपुन्हा येत आहेत असें आढळलें. पेन आणि मॅकव्हे यांचा यासंबंधींचा निबंध १९७१ च्या ऑगस्टांत 'सायन्स' या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला.

त्या निबंधाचा मथितार्थ असा कीं, या आवाजांना गाणें म्हणणें हा अलंकार नव्हे. एकेक ध्वनि मिळून एक पद होतें. तें पद अनेकदां घोळलें जातें. अशीं कित्येक पदें ठराविक क्रमानें एकामागून एक आलीं कीं एक गीत पुरें होतें. एका गीताला सात मिनिटांपासून तीस मिनिटांपर्यंत वेळ लागतो, आणि तें संपलें कीं गायक तेंच गीत पहिल्यापासून पुन्हा आरंभतो. पुढील संशोधनानें आणखी कांहीं गोष्टी उजेडांत आणल्या. गातो तो नर, आणि तो मुख्यतः विणीच्या हंगामांत. एका समुद्रप्रदेशांतील सारे नर एका काळीं एकच गीत गातात. तें गीत हळूहळू बदलतें आणि तो बदल सर्वांच्या गाण्यांत उतरतो. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरील देवमाशांनीं १९९६ नंतरच्या दोनएक वर्षांत आपलें जुनें गीत टाकून पश्चिम किनाऱ्याकडून आलेलें नवें गीत उचलल्याची नोंद शास्त्रज्ञांनीं केली आहे. घराण्याची गायकी म्हणजे काय, हें ज्या समाजाला शिकवावें लागत नाहीं, त्याला ही हकीगत ऐकून आश्चर्यापेक्षां ओळखच अधिक वाटेल.

आतां मुद्रिकेकडे वळूं. तिचे भाग पांच. सारा वेळ अर्ध्या तासाहून थोडा अधिक. पहिल्यांत एकच देवमासा गातो. पुढें कधीं दुरून येणारा एकट्याचा आवाज ऐकूं येतो, तर अखेरीस तिघांचे आवाज एकमेकांत मिसळतात. ती प्रसिद्ध करणाऱ्यांनीं एक मोठा संयम पाळला आहे. आवाजाच्या आधीं निवेदन नाहीं, मागें वाद्यमेळ नाहीं. जें सांगावयाचें तें सोबतच्या इंग्रजी व जपानी भाषांतील पुस्तिकेंत सांगितलें. जपानी भाषेची योजना कोणाला उद्देशून होती, हें निराळें सांगणें न लगे. या संयमाची किंमत त्याच वर्षींच्या एका दुसऱ्या कृतीशीं तुलना केल्यास कळते. ॲलन होव्हानेस या संगीतकारानें याच मुद्रणांतील आवाज मोठ्या वाद्यवृंदाच्या मध्यें गुंफून एक रचना केली व ती १९७० मध्येंच न्यूयॉर्क येथें वाजविली गेली. रचना भव्य आहे. पण तींत देवमासा हा वाद्यवृंदाचा पाहुणा होतो, आणि पाहुण्यानें यजमानाच्या घरच्या रीतीनें वागावें तसा तो वागतो. मुद्रिकेंत घर त्याचें आहे आणि पाहुणे आपण आहों.

एक दोष मात्र दाखविला पाहिजे. दुसऱ्या भागांत एकट्या देवमाशाचा आवाज गति मंद करून ऐकविला आहे. आवाजांतील बारकावे चटकन् निसटतात, ते नीट कळावेत म्हणून ही युक्ति केली असें समर्थन करतां येईल. अभ्यासिकेंत तें चालेलहि. रसिकापुढें तिचा परिणाम वेगळा होतो. गति मंदावली कीं स्वर खालीं उतरतो, आणि स्वर उतरला कीं मनुष्याच्या कानाला तो शोकाचा भासूं लागतो. ज्या गाण्यांत आपल्यासाठीं कांहींहि मिसळलें नव्हतें, त्यांत या एका ठिकाणीं आपल्या सोईनें दुःख मिसळलें गेलें.

हा दोष लहान आहे, पण तो एका मोठ्या प्रश्नाचें दार उघडतो. ही मुद्रिका ऐकणाऱ्यांपैकीं असंख्य लोकांना हें गाणें म्हणजे नाहींशा होणाऱ्या जातीचा विलाप वाटला. नर हें गाणें मादीसाठीं गातो कीं इतर नरांसाठीं, याविषयीं शास्त्रज्ञांचें अद्याप एकमत नाहीं. परंतु तो स्वजातीच्या संहाराचा शोक करतो, असें त्यांपैकीं कोणीहि म्हणत नाहीं. म्हणजे मुळांत भाव असलाच तर तो रतीच्या जवळचा, आणि श्रोत्याच्या ठायीं निष्पन्न झाला तो करुण! रस हा रसिकाच्या ठिकाणीं असतो असें मानणाऱ्या आपल्या साहित्यशास्त्राला याहून चोख दाखला मिळणें कठीण. आदिकवीची कथा येथें आठवते. क्रौंचाच्या जोडींतील नर व्याधाच्या बाणानें पडला, मादीनें आक्रोश केला, आणि ऋषीच्या मुखांतून काव्य बाहेर पडलें. तेथें व्याध समोर होता, रक्त समोर होतें, आक्रोश खराच शोकाचा होता. या मुद्रिकेंत व्याध कोठेंच नाहीं. तो श्रोत्यानें आपल्या मनानें आणावयाचा. लोकांनीं तो आणला, ही गोष्ट मुद्रिकेच्या सामर्थ्याची. परंतु तो कोणत्या रूपांत आणला, याचा विचार पुढें करावा लागेल.

त्यापूर्वीं या गाण्यानें केवढी समजूत मोडली, तें पाहूं. आपल्या संगीतशास्त्रानें सप्तस्वरांचें नातें प्राण्यांशीं जोडलें आहे. षड्ज मोराचा, पंचम कोकिळेचा, निषाद हत्तीचा. त्या यादींत समुद्रांतला एकहि जीव नाहीं. पाश्चात्यांची समजूत याहून निराळी नव्हती. हर्मन मेल्व्हिल यांच्या १८५१ सालच्या 'मोबी-डिक' कादंबरीहून थोर अशी कलाकृति देवमाशाविषयीं झाली नाहीं, असें आम्ही मानतों. आणि मेल्व्हिल यांनीं शिकारी जहाजावर स्वतः काम केलेलें होतें. तरी एका प्रकरणांत देवमाशाला आवाजच नाहीं असें ते सांगतात. दुसऱ्या एका प्रकरणांत, एवढ्या शिकारीनें ही जाति नष्ट होईल काय असा प्रश्न काढून, अमेरिकेंतील रानगव्यांची गत हिची होणार नाहीं, ध्रुवांकडील बर्फाआड हिला अढळ आसरा आहे, असा निर्वाळा देतात. शिडाच्या जहाजांच्या आणि हातानें फेकलेल्या भाल्यांच्या काळीं तो निर्वाळा खरा वाटण्यासारखा होता. पुढें यंत्राचीं जहाजें आलीं, तोफेंतून सुटणारे स्फोटक भाले आले, आणि विसाव्या शतकांत दक्षिण ध्रुवाकडील तो आसराच कत्तलीचें मैदान झाला. त्या एका शतकांत सुमारें २९ लक्ष देवमासे मारले गेले, असा अभ्यासकांचा हिशेब आहे.

हिशेब हा शब्द आम्हीं सहज वापरला नाहीं. १९४६ सालीं राष्ट्रांनीं करार करून देवमाशांच्या शिकारीवर नियंत्रण ठेवणारा आंतरराष्ट्रीय आयोग निर्माण केला. देवमासे टिकावेत हा त्याचा एक हेतु. शिकारीचा धंदा सुरळीत चालावा हा दुसरा. दक्षिणेकडील समुद्रांत दर हंगामीं किती मारावयाचे हें ठरविण्यासाठीं एक माप वापरलें जाई. एक निळा देवमासा म्हणजे एक. त्याच्या बरोबरीचे दोन फिन देवमासे, अडीच कुबडे, किंवा सहा सेइ. तेल किती निघतें, यावरून बसविलेलें हें कोष्टक १९७२ पर्यंत चाललें. साहित्याच्या अभ्यासकानें या कोष्टकाकडे दुर्लक्ष करूं नये, कारण ती एक भाषाच आहे. आणि त्या भाषेंत कुबडा देवमासा हा दोन-पंचमांश इतका अपूर्णांक होता. त्याला पूर्णांकाची योग्यता त्या मुद्रिकेनें दिली. ज्याला गाणें आहे, त्याचा अडीचांत हिशेब करणें सामान्य माणसाला अशक्य झालें.

नंतरच्या घटना क्रमानें सांगतों. मुद्रिकेच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या. १९७२ च्या जूनमध्यें स्टॉकहोम येथें भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेनें दहा वर्षांच्या शिकारबंदीची शिफारस केली. आयोगानें ती मानली नाहीं. त्याच वर्षीं अमेरिकेनें समुद्रांतील सस्तन प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा केला. १९७५ च्या जूनमध्यें ग्रीनपीस संस्थेचे कार्यकर्ते लहान रबरी होड्या घेऊन कॅलिफोर्नियापलीकडील समुद्रांत सोव्हिएत शिकारी जहाज आणि देवमासे यांच्या मध्यें शिरले. भाला त्यांच्या डोक्यावरून सुटला, आणि तें दृश्य जगानें पडद्यावर पाहिलें. १९७७ सालीं तारकांकडे निघालेल्या 'व्हॉयेजर' यानांतून मनुष्याच्या भाषांबरोबर देवमाशाचें गाणेंहि पाठविलें गेलें. १९७९ च्या जानेवारींत 'नॅशनल जिऑग्रॅफिक' मासिकानें या गाण्याच्या १ कोटी ५ लक्ष तबकड्या अंकासोबत घरोघर पोहोंचविल्या. अखेर १९८२ मध्यें आयोगानें २५ विरुद्ध ७ मतांनीं व्यापारी शिकारीच्या बंदीचा ठराव केला व १९८६ पासून तिचा अंमल सुरू झाला. दक्षिण अमेरिकेच्या पूर्वेकडील समुद्रांतले कुबडे देवमासे एके काळीं साडेचारशेंच्या आसपास उरले होते. २०१९ च्या गणनेनुसार ते सुमारें २५,००० झाले आहेत. जीवनाकरितां कला म्हणणाऱ्यांनीं जल्लोष करावा असाच हा वृत्तांत आहे.

परंतु परीक्षकानें जल्लोषांत सामील होण्यापूर्वीं तारखा तपासाव्या. कुबड्या देवमाशाच्या व्यापारी शिकारीला आयोगानें १९६६ सालींच मनाई केली होती. म्हणजे मुद्रिका निघाली तेव्हां तिचा गायक कागदोपत्रीं सुरक्षित होता. तो सुरक्षित केला गेला, कारण मारण्यासारखे फारसे उरलेच नव्हते. शिवाय कागद आणि समुद्र यांत अंतर होतें. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत जहाजांनीं दक्षिण गोलार्धांत ४८,००० हून अधिक कुबडे देवमासे मारले आणि आयोगाला कळविले फक्त २,७१०! सोव्हिएत संघ मोडल्यावर त्यांच्याच शास्त्रज्ञांनीं हें उघड केलें. ही लबाडी आटोक्यांत येण्यास १९७२ पासून जहाजांवर बसूं लागलेले परदेशी निरीक्षक मोठ्या प्रमाणांत कारण झाले. गाण्यानें मनें वळविलीं, तरी भाला कोठें सुटतो हें पाहण्यासाठीं वही घेऊन बसणारा माणूस लागलाच. जपाननें २०१९ मध्यें आयोग सोडून स्वतःच्या समुद्रांत व्यापारी शिकार पुन्हा सुरू केली, तेव्हां जगाच्या कपाटांतून त्या तबकड्या कांहीं नाहींशा झालेल्या नव्हत्या.

मुद्रिकेचा खरा लाभ झाला तो इतर देवमाशांना. १९७५ मध्यें होडीवरून सुटलेला तो भाला ज्याच्या अंगांत रुतला, तो स्पर्म जातीचा देवमासा होता. त्याला गाणें नाहीं, तो नुसता टिकटिक करतो. एका गायकाच्या पुण्याईनें त्याचीं न गाणारीं भावंडें वांचलीं. पण ही पुण्याई कोठपर्यंत पुरते? अमेरिका व कॅनडा यांच्या पूर्व किनाऱ्यावर राइट व्हेल जातीचा देवमासा आहे. त्याच्या शिकारीला १९३५ पासूनच बंदी आहे. त्याला जगप्रसिद्ध असें गाणें नाहीं. आज त्या समुद्रांत तो चारशेंहूनहि कमी उरला आहे. त्याला आतां कोणी भाला मारीत नाहीं. खेंकडे व शेवंडे धरण्याच्या सांपळ्यांचे दोर त्याच्या अंगाभोंवतीं आवळतात, आणि मालवाहू जहाजें त्याच्यावर आदळतात.

येथें मुद्रिकेनें श्रोत्याच्या मनांत उभ्या केलेल्या व्याधाची आठवण व्हावी. तो व्याध परका होता. दूरच्या राष्ट्राच्या जहाजावर तोफेपाशीं उभा होता. त्याचा निषेध करण्यांत श्रोत्याचें कांहींच जात नव्हतें. तेलाचें काम तोंवर इतर वस्तूंनीं भागूं लागलें होतें. राइट व्हेलचा व्याध परका नाहीं. आपल्या घरांतील दहा वस्तूंपैकीं कित्येक ज्या जहाजांतून येतात, तींच तीं जहाजें. अमेरिकेंत २००१ च्या सप्टेंबरांतील हल्ल्यानंतर कांहीं दिवस जहाजांची वर्दळ थंडावली. त्या वेळीं कॅनडाच्या फंडी उपसागरांत पाण्याखालचा गोंगाट कमी झाला आणि राइट व्हेलच्या विष्ठेंतील, शरीरावरचा ताण दाखविणारीं द्रव्यें उतरलीं, असें २०१२ सालीं शास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केलें. ज्या समुद्रांतून आपण गाणें उचललें, तो समुद्र आपल्याच व्यापारानें ऐकूं न येण्याजोगा केला आहे. मुद्रिका ऐकून हळहळणाऱ्याला हें कोठेंच सांगितलेलें नाहीं. तिचा तो दोषहि नव्हे. पण तिच्या सामर्थ्याची सीमा येथें दिसते.

मग ज्याला गाणें नाहीं, ज्याचा व्याध आपल्यांतलाच आहे, अशा मुक्या जिवासाठीं दया जागवावी कशी? याचें एक उत्तर आपल्या देशांत, सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर मिळालें आहे. व्हेल शार्क हा नांवानें व्हेल असला तरी देवमासा नव्हे. ती जगांतील सर्वांत मोठी मुशी, स्वभावानें गरीब, आणि अगदीं मुकी. वेरावळच्या बाजूस तेलासाठीं व मांसासाठीं तिची मोठी शिकार चाले. तिला दमविण्यासाठीं दोराला पिंपें बांधीत, म्हणून तेथें तिचें नांवच 'बॅरल' पडलें होतें. देवमाशाला अपूर्णांक म्हणणाऱ्या कोष्टकाहून हें नांव फार वेगळें नाहीं. माइक पांडे यांनीं या शिकारीवर 'शोअर्स ऑफ सायलेन्स' हा चित्रपट काढला. त्याचें नांवच निःशब्दतेचें आहे. त्यानंतर २००१ मध्यें सरकारनें वन्यजीव कायद्याखालीं या माशाला संरक्षण दिलें. माशाच्या जातीला असें संरक्षण देण्याचा आपल्याकडील तो पहिलाच प्रसंग. कायदा झाला, तरी कोळ्याच्या जाळ्यांत चुकून सांपडलेली मुशी सोडावयाची तर जाळें कापावें लागतें, आणि जाळें म्हणजे त्याचें भांडवल.

२००४ पासून तेथें जी लोकमोहीम चालली, तींत प्रसिद्ध रामकथाकार मोरारी बापू यांनीं एक दृष्टान्त योजिला. ही मुशी म्हणजे बाळंतपणासाठीं माहेरीं आलेली लेक. माहेरच्या माणसांनीं लेकीला मारावें काय? 'व्हाली', म्हणजे लाडकी, हें तिचें नवें नांव झालें. तेव्हांपासून शेंकडों मुशा कोळ्यांनीं आपलीं जाळीं कापून समुद्रांत परत सोडल्या आहेत. कापलेल्या जाळ्याची कांहीं भरपाई सरकार देतें; आपल्या महाराष्ट्रांतहि संरक्षित जिवाला सोडण्यासाठीं जाळें कापणाऱ्या मच्छिमारास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना २०१८ मध्यें सुरू झाली. तरी त्या दिवसाची मासळी आणि मोडलेली फेरी यांचा भार बव्हंशीं कोळ्यावरच राहतो.

या दोन प्रसंगांची तुलना आमच्या सबंध विवेचनाचा गाभा आहे. कलेच्या दृष्टीनें पाहिलें तर मुद्रिका श्रेष्ठ, यांत शंका नाहीं. ती देवमाशाला देवमासाच राहूं देते. माहेरवाशिणीचा दृष्टान्त मात्र माशाला मनुष्याचे कपडे चढवितो. परंतु त्यांनीं जागविलेल्या भावनांचा कस लावला, तर निवाडा उलट होतो. मुद्रिका सौंदर्यानें जिंकते, आणि सौंदर्यानें जिंकलेली दया ज्याच्यापाशीं सौंदर्य नाहीं त्याच्या दाराशीं थबकते. लेक हा शब्द मात्र नातें लावतो. आणि नातें लागलें कीं लेक गाते कीं मुकी आहे, गोरी कीं काळी, हें कोणी विचारीत नाहीं. शिवाय तो शब्द ज्याच्या हातांत सुरी आहे त्यालाच उद्देशून उच्चारलेला आहे. मुद्रिकेच्या श्रोत्यानें दुसऱ्याचा भाला थांबविला. वेरावळच्या कोळ्यानें स्वतःचें जाळें कापलें. त्या श्रोत्यांविषयीं आदर असूनहि आम्ही या कोळ्याची दया अधिक टिकाऊ मानतों, कारण तिची किंमत त्यानें स्वतः भरली आहे.

हा विषय आपल्यापासून दूरचा आहे असें वाचकांनीं समजूं नये. अरबी समुद्रांत कुबड्या देवमाशांची एक वेगळी वस्ती आहे. इतरत्र हे देवमासे ऋतूप्रमाणें हजारों मैल ये-जा करतात; ही वस्ती मात्र बारा महिने याच समुद्रांत राहते. १९६० नंतरच्या दशकांत सोव्हिएत जहाजांनीं तिच्यांतील २४२ देवमासे मारले, त्यांपैकीं बहुतेक एकट्या १९६६ च्या नोव्हेंबरांत. ओमानच्या किनाऱ्यावर आज ते शंभराहून कमी असावेत असा अंदाज आहे. ओमानपाशीं खूण लावलेली लुबान नांवाची एक मादी २०१७ च्या अखेरीस अरबी समुद्र ओलांडून आपल्या पश्चिम किनाऱ्याशीं आली आणि दक्षिण टोंकाकडे गेली, हें उपग्रहाच्या साहाय्यानें दिसलें. लुबान म्हणजे धूप; आपला लोबान हा शब्द त्याच अरबी नांवापासून आलेला. आणि गोव्याच्या किनाऱ्याजवळ पाण्याखालीं ठेविलेल्या यंत्रांनीं कुबड्या देवमाशांचें गाणें टिपलें आहे. म्हणजे जें गाणें ऐकण्यासाठीं जगानें बर्म्यूडाकडे कान लावले, तें आपल्या दाराशींहि चालू आहे. त्याच पाण्यांत मुंबई-गोव्याकडील जहाजांचे मार्ग आहेत आणि आपल्या मच्छिमारांचीं जाळींहि आहेत.

तेव्हां आमचा अभिप्राय असा. ही मुद्रिका प्रत्येक सुशिक्षित घरांत एकदां तरी, शक्य तर मुलांना जवळ बसवून, ऐकली जावी अशा योग्यतेची आहे. मनुष्यानें केलेली नसतांहि तिनें मनुष्यावर जो परिणाम केला, त्यावरून कलेला हेतूची गरज आहे कीं नाहीं या जुन्या वादाला एक नवा साक्षीदार मिळतो. आणि तो साक्षीदार दोन्ही पक्षांना थोडा गैरसोयीचा आहे. परंतु ती ऐकून झाल्यावर, माझ्या ताटांतला मासा कोणत्या जाळ्यांतून आला, त्या जाळ्यांत आणखी कोण सांपडलें होतें, आणि तें सोडून देण्यासाठीं कोणी आपलें नुकसान सोसलें असल्यास त्यांत माझा वांटा किती, हे प्रश्न ज्याच्या घरांत निघतील, त्यानेंच ती खरोखर ऐकली असें आम्ही समजूं. समुद्रांतील बहुतेक जीव गात नाहींत. त्यांच्यासाठीं दुसरी मुद्रिका निघण्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं.